लॉनवरची जाम नदी

३ नोव्हेंबर, सोमवार

मिळाली. डिसेंबरची संध्याकाळ मला मिळाली!

आमच्या हॉटेलात यंदापासून दर महिन्याला 'एक गाव, एक संध्याकाळ' सुरू आहे. मागच्या लॉनवर, स्विमिंग पूलच्या काठी, आधी कॉकटेल, मग त्या गावचा एखादा कार्यक्रम, मग तिथलंच जेवण. नागपुरातले डॉक्टर, वकील, बिल्डर जोडीनं नटूनथटून येतात. आज मीटिंगमध्ये ऋषिकेश सरांनी विचारलं, "डिसेंबर कोण घेतंय?" त्यांचं वाक्य संपायच्या आत माझा हात वर.

"पांढुर्णा आणि सौंसर," मी म्हटलं.

सर पुण्याचे. जेवण, बार, कार्यक्रम सगळं त्यांच्याकडे. म्हणाले, "तिथं काय आहे, मृणाल?"

"संत्री."

"संत्री नागपुरात पण आहेत."

"नागपुरात संत्र्यांचं नाव आहे, सर. संत्री आमच्याकडे आहेत."

सगळे हसले. मग मी हुकमाचा एक्का टाकला. गोटमार सांगितली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि दिवसभर एकमेकांवर दगड. म्हणतात की फार पूर्वी पांढुर्ण्याच्या पोरानं सावरगावची पोरगी पळवली आणि दोघं नदीच्या मध्यावर असताना दोन्हीकडून दगड बरसले. तेव्हापासूनची ही रीत.

सर खुर्चीत पुढं सरकले. "स्पंजचे दगड. दोन टीम. पाहुण्यांनी ग्लास हातात घेऊन आपापला काठ निवडायचा. मृणाल, हे शहरात कोणी केलेलं नाही!"

"माझे बाबा स्वतः खेळलेत," मी सांगितलं. "डावा डोळा त्यातच गेला. ते येतील, बोलतील."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मला माझ्या बोलण्याचा असा परिणाम झालेला फार आवडतो.

६ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी बार बंद असताना स्वप्निलबरोबर कॉकटेलची चव घ्यायला बसले. स्वप्निल आमचा बारमधला मुख्य माणूस, लोधीखेड्याचा. म्हणजे माझ्याच पट्ट्यातला. कामात एकदम पक्का, बोलण्यात कंजूष.

दोन काठांची दोन कॉकटेलं ठरली. 'पांढुर्णा' म्हणजे जिन, ताज्या संत्र्याचा रस, वरून संत्र्याची साल आगीवर धरून तिचा धूर. नाकाशी नेलं की आमच्या बागेत तोडणीच्या वेळी बोटांना येतो तो वास, आणि मग घशात एक नाजूक चटका. 'सावरगाव' लाल आहे. अंबाडीच्या लाल बोंडांचं सरबत, रम, चिमूटभर भाजलेलं जिरं. आंबट, तिखट, जरा भांडखोर. मी म्हटलं, "अगदी माझ्या आजोळासारखं!"

मग त्यानं तिसरा ग्लास पुढं केला. त्यात दारू नाही, संत्र्याच्या फुलांचं पाणी आणि मध. त्यासाठी म्हणे त्यानं लोधीखेड्याहून कोणाच्या तरी बागेतून फुलं मागवून बरेच दिवस खटपट केली. मस्तच होतं.

"याचं नाव काय?"

"ठरलं आहे," तो म्हणाला, "पण आता नाई सांगत."

"बरं. मेनूकार्ड छापायच्या आधी सांग म्हणजे झालं."

तो हसला आणि ग्लास पुसत बसला. याला मार्केटिंग कोणी तरी शिकवायला पाहिजे.

९ नोव्हेंबर, रविवार

पांढुर्ण्याला जाऊन आले. आईला सांगितलं तर तिनं कणीक मळता मळता हात थांबवला. "आमी? त्या हॉटेलात राह्याचं?"

"राहायचं, जेवायचं, कार्यक्रम पाहायचा. पुढच्या रांगेत."

"माह्याकडं तशी साडी नाई न."

"आई, आपलं कापडाचं दुकान आहे."

तशी ती लाजली. मग मी बाबांना कार्यक्रम समजावून सांगितला. दोन काठ, स्पंजचे दगड, त्यांचं भाषण. बाबा ऐकत होते. मग उठून अंगणात गेले आणि पाइप लावून झाडांना पाणी देत बसले, सकाळीच घातलेलं असताना.

मला कळलं. दारूचं आहे. मी मागे गेले. "बाबा, तिथं कोणी पिऊन धिंगाणा नाही घालत. लोक एक ग्लास घेऊन तासभर गप्पा मारतात."

"दारूचं कायले बोलून राहिली, बेटा? तुही नोकरीच तशी आहे. मले त्याचं काई नाई."

"मग बोलाल ना?"

"पाहू."

गावात बाबांना अजून म्हातारे लोक 'वीर' म्हणतात. त्यांना स्वतःला मिरवायला आवडत नाही. लहानपणी गोटमारीच्या दिवशी सगळं गाव नदीवर असायचं आणि बाबा मला घेऊन जामसावळीच्या हनुमानाला जायचे. म्हणायचे, आज तिथं गर्दी नसते, दर्शन निवांत होतं. देवाचं वेड म्हणतात ते असं.

आई हळूच म्हणाली, "त्यायले नको बोलाले लावू."

"लाजतील म्हणून?"

आईनं तवा चढवला. "तसंच समज."

चारच्या सुमारास पूल ओलांडून सावरगावला गौतममामाकडे. आईचा धाकटा भाऊ. मामा तर उडालाच. "पोरं मी देतो! दोन्ही बाजूची! झाड रोवाले बी मीच येतो!" मग मध्येच थांबून, "भाऊजी येऊन राहिले का?"

"शनिवारी, कार्यक्रमाला."

"मंग मी रिहर्सल करून देतो अन् शुक्रवारी निघतो."

आमचे लोक खरंच कमाल आहेत. बाबा आणि मामा एका लग्नात एका पंगतीला बसलेले मी कधी पाहिले नाहीत. नदीचं वैर इतकं कोणी पाळत असेल का! मी बसमध्ये एकटीच हसत आले. हा किस्सा निवेदनात घालावा.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

जेवणाची चाचणी झाली. पुडाची वडी, पाटवडीचा रस्सा, वांग्याचं भरीत, गोळ्याची कढी, ज्वारीची भाकर, शेवटी संत्रा बर्फी. शेफनं कढीतला एकेक गोळा मोठ्या चमच्यात बसवला, वर कढीचे चार थेंब. मी म्हटलं, "आमच्याकडे वाटीभर पितात." शेफ म्हणाला, "चमच्यातून खाल्लं की लोक दुसरा मागतात." आणि मी दुसरा मागितला.

हे हॉटेल मला का आवडतं ते आज पुन्हा कळलं. पांढरा स्वच्छ टेबलक्लॉथ, जड काटे-चमचे, कुठंतरी हळू वाजणारी सतार, आणि समोरच्या ताटलीत आपल्याच घरचा पदार्थ नवरीसारखा नटून बसलेला. काही लोकांना यात दिखावा दिसतो. मला यात मान दिसतो.

१ डिसेंबर, सोमवार

स्पंजचे दगड आले. रंग इतका हुबेहूब की हात घाबरतो. मी एक उचलून स्वप्निलला मारला, बरोबर खांद्यावर. तो हसलाच नाही. दगड उचलून खोक्यात ठेवला.

"काऊन रे, लोधीखेड्याचे लोक भित्रे?"

"मी कधी पाहालेच गेलो नाई गोटमार," तो म्हणाला.

"मग काय पाहिलंस तू आयुष्यात!"

सगळी टेबलं भरली. एक वाहिनी पण येणार आहे. सर माझ्यावर खूश. मी पण माझ्यावर खूश.

१७ डिसेंबर, बुधवार

आईबाबांना शनिवारऐवजी आजच बोलावून घेतलं. तीन दिवस पाहुणे म्हणून राहू दे दोघांना. पुन्हा कधी निघतील कोण जाणे.

लिफ्टमध्ये बाबांनी चार मजल्यांची बटणं दाबली आणि प्रत्येक मजल्यावर दार उघडलं की बाहेर डोकावून "नाई, हे नाई," म्हणाले. खोलीत आईनं गादी दाबून पाहिली, पडदे उघडून पाहिले, मग बाथटबच्या काठावर बसून राहिली. "याच्यात तर आपली म्हैस बसते." अर्ध्या तासानं मी परत गेले तर टबातून गुणगुणणं ऐकू येत होतं.

संध्याकाळी दोघांना बारमध्ये नेलं. बाबांनी लिंबू सोडा घेतला. आईनं मेनूकार्ड नाकाला लावून वाचलं आणि विचारलं, "हे पांढुर्णा म्हणजे संत्र्याचंच हाय न?"

"आई, त्यात जिन आहे."

"मी विचारलं संत्र्याचं हाय का."

बाबा दुसरीकडे पाहत हसत होते. स्वप्निलनं साल पेटवून धूर केला तेव्हा आईनं टाळी वाजवली. पहिला घोट घेतला, डोळे मिटले. "बरं आहे की हो. तुमी उगाच चहा पीत बसले जन्मभर." मग तिनं स्वप्निलला समोर थांबवून घेतलं. गाव कोणतं, आडनाव काय, घरी कोण कोण, बहिणीचं झालं का, शेती कोणाकडं. आईला बारमध्ये बसूनही नातेवाईक शोधायचे असतात. तो बिचारा सगळी उत्तरं देत होता, कान लाल झाले होते. नंतर त्यानं तो तिसरा ग्लास आणला, फुलांचा. आईनं चव घेतली आणि नाव विचारलं. त्यानं वाकून हळूच काहीतरी सांगितलं. आई माझ्याकडे पाहून खूप वेळ हसत राहिली. मला म्हणाली, "तुले सांगीन कवा तरी." जिननं चढली असणार.

जेवणाच्या वेळी एक मुलगी सतार वाजवत होती. बाबा एका हातानं आईच्या खुर्चीची पाठ धरून ऐकत होते. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. किंवा पाहिलं असेल, लक्ष दिलं नसेल.

१८ डिसेंबर, गुरुवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

तीनला लॉनवर रिहर्सल होती. मामा पोरं घेऊन सकाळीच आला होता. बाबा हॉटेलात आहेत हे त्याला सांगायचं माझ्या डोक्यातून निघून गेलं. लग्नाच्या सजावटीतलं निळं कापड अंथरून नदी केली, मधोमध पळसाची फांदी. मोहगावच्या सुरेश शाहिरांची खडी गंमतची, म्हणजे आमच्याकडच्या तमाशाची, पार्टी सुरुवातीला गोष्ट सांगणार, मग दगडफेक. आईबाबा पूलच्या बाजूला खुर्च्यांवर बसले होते. समोर संत्र्याचा रस.

ढोल सुरू झाला. मामानं "हो!" म्हणून आरोळी दिली आणि पोरं सुटली. खरंच जोरदार दिसत होतं. सर मोबाईलवर शूट करत होते. एका पोराचा दगड उंच गेला, वळला आणि बाबांकडे गेला. डावीकडून. त्यांना दिसला नाही. छातीवर आपटला, स्पंजच तो.

बाबा खुर्चीसकट मागे गेले. दोन्ही हात तोंडावर. रसाचा ग्लास फुटला. पोरं हसली, कारण लागलं नव्हतं हे सगळ्यांना माहीत होतं. मी पण हसले होते. हे लिहिते आहे, कारण खरं आहे.

बाबांनी हात खाली घेतले नाहीत. आई त्यांच्यासमोर वाकून "स्पंज आहे, स्पंज आहे," म्हणत होती, लहान पोराला सांगावं तसं.

मामानं तेव्हा त्यांना पाहिलं. त्याच्या हातातली शिटी खाली पडली. तो लॉनवरून सरळ चालत गेटच्या बाहेर गेला. चपला पण घातल्या नाहीत.

"गौतम!" बाबा ओरडले. हात तोंडावरून काढून, अर्धवट उठून. "अरे गौतम, थांब न!"

तो थांबला नाही.

सर म्हणाले, "तुझ्या वडिलांना आराम करू दे. पण मृणाल, शॉट कमाल आला."

मला पहिल्यांदाच त्यांचं बोलणं नकोसं वाटलं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी नाश्त्याला बाबा डोसा करणाऱ्या माणसासमोर रांगेत उभे होते, एकदम ठीक, त्याच्याशी गप्पा मारत. मी आईजवळ बसले. "मामा का गेला?"

आईनं पपईची फोड काट्यानं इकडून तिकडे सरकवली. "तो दगड त्याचा होता न. तवाचा."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"मामाचा?"

"लहान होता. मिसरूड फुटलं नव्हतं नीट. तुह्या बाबाले इथं नागपूरलेच आणलं होतं, दवाखान्यात. तो पायथ्याशी बसून रडे. बाबा त्याले म्हणाले, 'त्या दिवशी म्या बी मारले, गौतम. माहे कोणाले लागले मले नाई माईत. तुह्यावर कायले रागावू?' त्याच्यानंतर तो कवाच समोर बसला नाई."

"आणि तू?"

"माहं लग्न झालं मंग. लोकं म्हणाले, सावरगावानं डोळ्याच्या बदल्यात पोरगी देली." आई पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहून बोलली. "बदल्यात नाई, मृणाल. मी त्याच्या आधीच तुह्या बाबाच्या दुकानात तीनदा गेलती ब्लाउजपीस घ्याले. एकाच साडीवरचं. त्यायले बी समजलं होतं. पण हे कोणाले सांगतं? तो 'वीर', मी 'बदल्यातली'. म्हणून गोटमारीच्या दिवशी ते गावात राहत नाई. तुले घेऊन जामसावळीले जात."

बाबा डोसा घेऊन आले. "पाह्य बेटा, केवढा लांब करून देला!" मी डोसा पाहिला. केवढा तरी लांब होता.

तिथून सरळ सरांच्या केबिनमध्ये गेले.

"दगड काढून टाकते आहे, सर."

"काय?"

"स्पंजचे सुद्धा."

"मृणाल, उद्या कार्यक्रम आहे. लोक दगड पाहायला येतायत. वाहिनी दगड दाखवायला येतेय."

"लोक चांगलं प्यायला, चांगलं खायला आणि काहीतरी लक्षात राहील असं पाहायला येतायत. ते मी देते."

"काय देणार?"

"अजून ठरवलं नाही. संध्याकाळपर्यंत ठरेल."

सरांनी पेन टेबलावर आपटलं. चिडले होते. मी पण मागे हटणार नव्हते. "पडलं तर तुझ्या नावावर," ते म्हणाले.

"माझ्याच नावावर आहे ते, सर. पहिल्या दिवसापासून."

बाहेर आले तेव्हा मनात शंका नव्हती. सुरेश शाहिरांना गाठलं. म्हटलं, पूर्ण गोष्ट तुम्हीच करायची, खडी गंमतमध्ये, ढोलकी, डफ, गाणी, सोंगं. शाहिरांनी डोकं खाजवलं. "गोष्ट करतो ताई, पण दगड नसतीन तर संपवू कशी? ते दोघं नदीत हायत, दोन्ही काठावर लोकं उभे हायत. मंग पुढं?"

बाबा मागे येऊन उभे होते, मला माहीत नव्हतं. म्हणाले, "लोकायलेच विचारा न, शाहीर. आमाले कोणी विचारलंच नव्हतं."

२१ डिसेंबर, रविवार, सकाळ

काल झालं.

क्रम लावून लिहिते, नाहीतर सगळं एकदम येईल. सात वाजेपर्यंत लॉन भरलं. निळ्या नदीच्या दोन्ही काठांना लांब टेबलं, पांढरे टेबलक्लॉथ, पितळेच्या समया, मधून मधून संत्र्याच्या पाट्या. पांढुर्ण्याच्या काठाला पिवळे ग्लास, सावरगावच्या काठाला लाल. बायका एकमेकींच्या ग्लासातून घोट घेत होत्या आणि कोणाचा काठ चांगला यावर भांडत होत्या. सालीचा धूर सगळीकडे पसरला होता. आईनं बाटलीहिरवी पैठणी नेसली होती, हातात लाल ग्लास. "मी माहेरच्या बाजूनं बसतो," म्हणाली, मग बाबांकडे पाहून, "नाई, इकडंच बसतो," म्हणून ग्लाससकट नदी ओलांडून आली. कापडावर पाय पडू नये म्हणून साडी उचलून धरलेली.

एक बिल्डर साहेब "दगड कुठेत?" म्हणून दोनदा ओरडले. वाहिनीवाल्या पोरानं कॅमेरा आवरायला घेतला होता. सर खांबाला टेकून उभे, हाताची घडी.

शाहिरांनी डफावर थाप दिली. पांढुर्ण्याचा पोरगा झालेला गडी आणि पोरीच्या वेषातला नाच्या, दोघं आले. नाच्यानं पहिल्याच ठुमक्यात दोन्ही काठ हसवले. बाजारात भेटणं, बांगड्या, चोरून बोलणं, पोरीच्या बापाचं सोंग, मग रात्री पळणं. हसता हसता ढोलकी कधी बदलली ते कळलं नाही. दोघं नदीत उतरले. मध्यावर आले. शाहीर एका काठाकडे वळले, "पाहा, तुमची पोरगी जाऊन राहिली!" दुसऱ्या काठाकडे वळले, "पाहा, तुमच्या पोराले त्यायनं घेरलं!" ढोलकी तापत गेली आणि एकदम थांबली.

शाहिरांनी डफ खाली ठेवला. साध्या आवाजात विचारलं, "मारता का?"

कोणी हललं नाही. ग्लासातला बर्फ वाजला तेवढाच. मला वाटलं, पडलं. माझ्या नावावर पडलं.

"नाही हो!" एक बाई म्हणाली. त्याच बिल्डर साहेबांची बायको. हातातला लाल ग्लास तिनं छातीशी धरला होता. "कशाला मारायचं? जाऊ द्या ना त्यांना!"

मग त्या काठावरून आणखी कोणी, मग या काठावरून, मग सगळेच. "जाऊ द्या!" ढोलकीनं अशी उसळी घेतली की समईच्या ज्योती हलल्या. कॅमेरावाला पळत पुढं आला. दोघं नाचत नाचत नदी उतरून सरळ बारपर्यंत गेले. स्वप्निलनं त्यांना तो फुलांचा ग्लास दिला, नाच्यानं लाजून पदराआडून प्यायला. मी सरांकडे पाहिलं. ते टाळ्या वाजवत होते, आणि मी पाहतेय हे पाहून थांबले, आणि मग पुन्हा वाजवायला लागले.

सगळ्यांना आवडलं असं नाही. एक टेबल जेवण न करता गेलं. "नाटकच पाहायचं होतं तर" असं कोणीतरी म्हणालं ते मी ऐकलं. चालेल.

पण मला जे लिहायचंय ते यानंतरचं आहे.

जेवण वाढायला लागले तेव्हा आईनं माझं मनगट धरलं. किचनच्या दारापाशी मामा उभा होता. पांढरा इस्त्रीचा शर्ट, पायात नव्या चपला. कधी आला, कोणी आत घेतला, ठाऊक नाही. पुढं येत नव्हता आणि जातही नव्हता. मी उठणार तेवढ्यात बाबा उठले. मध्ये वाढणारे, ट्रे, पाहुणे, सगळ्यांतून डोकं वळवून वळवून वाट काढत गेले आणि मामाचं कोपर धरलं.

"भाऊजी, मी..."

"चाल. भूक लागली नाई का?"

त्याला ओढतच आणलं. आपल्या डाव्या हाताची खुर्ची मागे घेतली. "इथं बस. हे लोक या बाजूनं वाढून राहिले अन् मले काईच दिसून नाई राहिलं. काय आलं ते तू सांग."

मामा बसला. हात मांडीवर, मान खाली. वेटरनं बाबांच्या समोर ताटली ठेवली.

"काय आहे?" बाबांनी विचारलं.

मामा मांडीवरच्या नॅपकिनची घडी उलगडत राहिला. बाबा थांबले. चमचा उचलला नाही, काही नाही. नुसते थांबले.

"गोळ्याची कढी," मामा शेवटी म्हणाला. "चमच्यात आहे."

"चमच्यात?"

"हाव. एकच गोळा आहे."

"एकच? एवढ्या मोठ्या हॉटेलात?" बाबा म्हणाले, आणि मामाला रडू आणि हसू एकदमच आलं. त्यानं नॅपकिन तोंडाला लावला. आई माझ्या पलीकडून म्हणाली, "त्यायले अजून दोन आणाले सांग मृणाल, अन् मले ते पिवळं." मी स्वतः उठून आणायला गेले. परत आले तेव्हा मामा सांगत होता, "हे भरीत. इकडं पुडाची वडी. ही नको खाऊ आताच, गरम आहे, भाऊजी." आणि बाबा प्रत्येक गोष्टीला "बरं," म्हणत होते.

रविवार, दुपार

सर सकाळी भेटले. म्हणाले, "फेब्रुवारी घेतेस का?" मी म्हटलं, जानेवारी पण घेते. ते हसले. मी हसले नाही, कारण मी खरंच घेणार आहे.

आईबाबा आणि मामा हॉटेलच्या गाडीनं निघाले. तिघं एकाच गाडीत, मामा पुढं बसायचा म्हणत होता, बाबांनी मागं घेतला. स्वप्निल त्यांना गाडीपर्यंत सोडायला आला होता, कामाची वेळ नसताना. आईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्याला आई नाही की काय, विचारायला पाहिजे.

आत्ता आईचा फोन आला. पोहोचले. मी विचारलं, मामा सावरगावला गेला का?

"नाई न. दारातूनच वापस जाऊन राहिला होता, बाबा म्हणाले, जेवूनच जाय. आता भाकरी टाकून राहिली मी."

"मामा आपल्या घरी जेवतोय?"

"मंग काय! पहिल्यांदाच हाय, म्हणून वांगे बी केले." मागून भांड्याचा आवाज आला, कोणी तरी हसलं, दुसऱ्यानं काही तरी म्हटलं. "तू ठेव आता फोन. दोघंही ताटावर बसले हायत."